रास्पबेरी पाय
रास्पबेरी पाय : प्रक्रियक (प्रोसेसर), मेमरी आणि बाह्य जोडण्या एकाच मुद्रित फलकावर सामावलेला, साधारण एटीएम कार्डाएवढ्या (८५ × ५६ मिमी.) आकाराचा स्वस्त संगणक. ब्रिटनमधील केंब्रिज येथे तो विकसित झाला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीस आला. शाळकरी मुलांनी प्रोग्रॅम लिहायला शिकावे हा त्यामागील मूळ हेतू. प्रत्यक्षात त्याला पहिल्यांदा उचलून धरले ते इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्या प्रौढांनी. प्रस्तुत नोंदीत याच हौशी वापराचा प्रामुख्याने विचार केला आहे.

एका फलकावरच्या संगणकाची कल्पना मात्र बरीच जुनी आहे. असा पहिला संगणक कोणता, याबद्दल एकवाक्यता नाही. इंटेल ८०८० प्रक्रियकावर बांधलेल्या आणि १९७६ मध्ये एका अमेरिकी मासिकातून हौशी वाचकांपुढे आलेल्या ‘डायना-मायक्रो’ला बहुधा हा मान दिला जातो. त्याच वर्षीचा, मॉस टेक्नॉलॉजी कंपनीचा ‘किम-१’ हाही तितकाच दावेदार ठरतो. तो ६५०२ हा प्रक्रियक अभियंत्यांना पारखून पाहता यावा म्हणून काढला होता, पण हौशी मंडळींनीच तो मोठ्या प्रमाणावर विकत घेतला. पहिला मान बहुधा डायना-मायक्रोला दिला जात असला, तरी हौशी परंपरेचा उगम शोधताना किम-१ अधिक जवळचा वाटतो, कारण उद्योगासाठी काढलेली वस्तू हौशी माणसाने आपलीशी करावी, हा पुढे वारंवार दिसणारा क्रम तिथे स्पष्टपणे आढळतो.

रास्पबेरी पायच्या जन्मवर्षाबद्दलही मतभेद संभवतो. केंब्रिज विद्यापीठात संगणकशास्त्राच्या प्रवेशासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या आणि पूर्वतयारी दोन्ही घटत असल्याचे तेथील संगणकतज्ज्ञ एबेन अप्टन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले, आणि २००६ च्या सुमारास अप्टन यांनी एटमेगा ६४४ या मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणे नियंत्रित करणाऱ्या छोट्या चिपेवर) पहिला नमुना हाताने जोडून तयार केला. काही लेखक इतिहास येथून सुरू करतात. तथापि त्या नमुन्यात आजच्या अर्थाने ऑपरेटिंग सिस्टीम चालत नव्हती. मोबाइल फोनसाठी विकसित झालेल्या चिपांच्या कुळातील ब्रॉडकॉम २८३५ (७०० मेगाहर्ट्‌झ, एआरएम पद्धतीचा गाभा म्हणजे कोअर) निवडली गेली तेव्हाच लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालवणारा फलक ३५ डॉलरांत देणे शक्य झाले. म्हणून खरा आरंभ या निवडीपासून मानणे युक्त ठरते. मधल्या काळात, २००९ मध्ये, अप्टन यांच्यासह रॉब मलिन्स, जॅक लँग, ॲलन मायक्रॉफ्ट, पीट लोमस आणि डेव्हिड ब्रेबन यांनी ‘रास्पबेरी पाय फाउंडेशन’ हे धर्मादाय प्रतिष्ठान स्थापन केले होते.

नावातील ‘रास्पबेरी’ हे ॲपल, एकॉर्न, ॲप्रिकॉट अशा फळांची नावे घेणाऱ्या जुन्या संगणक कंपन्यांच्या परिपाठाला धरून आहे. ‘पाय’चा संबंध गणितातील स्थिरांकाशी जोडला जातो, परंतु निर्मात्यांनी तो पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेशी जोडला आहे आणि तेच ग्राह्य धरावे.

पहिल्या ‘मॉडेल बी’मध्ये २५६ मेगाबाइट मेमरी आणि इतर उपकरणे जोडण्यासाठी बाहेर काढलेल्या २६ पिना होत्या. २०१४ च्या ‘बी प्लस’पासून पिना ४० झाल्या आणि त्यांची मांडणी पुढे कायम राहिली. २०१५ मध्ये चार गाभ्यांचा पाय २, २०१६ मध्ये वाय-फाय असलेला पाय ३, २०१९ मध्ये पाय ४ आणि २०२३ मध्ये पाय ५ आला. नोव्हेंबर २०१५ मधील ५ डॉलरांचा ‘पाय झिरो’ प्रतिष्ठानच्याच मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाटला गेला.

हौशी माणसाच्या दृष्टीने या संगणकाचे सारे मोल या पिनांमध्ये आहे. नेहमीच्या संगणकात प्रोग्रॅम पडद्यापाशी थांबतो. येथे पायथनच्या चार ओळींनी दिवा लागतो, मोटार फिरते. मात्र पिना ३.३ व्होल्टवर चालतात आणि ५ व्होल्टचा संकेत सहन करीत नाहीत, ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे नवशिक्यांचे बरेच फलक निकामी होतात. उदाहरणार्थ, अंतर मोजणाऱ्या एचसी-एसआर०४ या ध्वनिसंवेदकाचा परतीचा संकेत ५ व्होल्टचा असतो. तो १ आणि २ किलोओहमच्या दोन रेझिस्टरांत विभागून सुमारे ३.३ व्होल्टवर आणावा लागतो. एका पिनेतून साधारणतः १६ मिलिॲम्पिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये असा दंडक आहे. एलईडीला तेवढा पुरतो, पण छोट्या रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) वेटोळ्यालाही त्याच्या कितीतरी पट लागत असल्याने मध्ये ट्रान्झिस्टर घालणे आणि वेटोळ्याला उलटा डायोड जोडणे आवश्यक असते. अनुरूपी (ॲनालॉग, म्हणजे सलग बदलणारा) विद्युत् दाब मोजण्याची सोय फलकावर नाही. मातीचा ओलावा किंवा प्रकाश मोजायचा तर एमसीपी ३००८ सारखी, ० ते १०२३ अशा अंकांत दाब सांगणारी वेगळी चिप जोडतात.

लिनक्स एकाच वेळी अनेक कामे करीत असल्याने काही मायक्रोसेकंदांचा नेमकेपणा त्याच्याकडून मिळेलच असे नाही. अशा कामाला आर्दुइनोसारखा मायक्रोकंट्रोलर फलक सरस ठरतो. या दोहोंना प्रतिस्पर्धी मानण्याची पद्धत आहे, पण अनुभवी हौशी लोक दोन्ही जोडून वापरतात आणि तेच योग्य होय.

पाय २ मधील एक दोष येथे नोंदवण्याजोगा आहे. झेनॉन फ्लॅश वापरून छायाचित्र घेतले की चालू असलेला संगणक अचानक बंद पडतो, असे २०१५ च्या फेब्रुवारीत हौशी वापरकर्त्यांच्याच ध्यानात आले. वीजपुरवठा नियंत्रित करणारी एक चिप आवरणाविना, उघड्या सिलिकॉनच्या रूपात बसवलेली होती आणि तीव्र प्रकाशाने तिच्यात प्रकाशविद्युत् परिणाम घडत होता. चिपेवर थोडी पुट्टी दाबून बसवणे एवढाच उपाय पुरला. उघड्या फलकावर काम करणाऱ्याला अर्धसंवाहकाचे भौतिकी असे समोर येऊन उभे राहते, हे या छंदाचे मोठे शैक्षणिक बळ आहे.

दैनंदिन वापरात अधिक त्रास होतो तो वीज आणि मेमरी कार्डाचा. ऑपरेटिंग सिस्टीम बहुधा कार्डावरच असल्याने लिहिणे चालू असताना वीज गेली तर कार्डावरील माहिती बिघडू शकते. वीज वरचेवर जाते तेथे बॅटरीचा आधार देणे किंवा कार्ड केवळ वाचनीय ठेवणे इष्ट. मोबाइलचा साधा चार्जर पहिल्या फलकांना चालून जाई, नव्यांना तो अपुरा पडतो. पाय ५ पूर्वीच्या फलकांत घड्याळ नाही. इंटरनेटविना ठेवलेल्या हवामान-नोंदणी यंत्राला डीएस ३२३१ सारखे घड्याळ निराळे जोडावे लागते.

घरातील दिवे-पंख्यांचे नियंत्रण, जाहिराती गाळणारा पाय-होल, जुने व्हिडिओ गेम, त्रिमितीय मुद्रकावर देखरेख हे नेहमीचे उपयोग होत. डिसेंबर २०१५ मध्ये असे दोन फलक आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही पोहोचले आणि शाळकरी मुलांनी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांवर चालवले गेले.

२०२१ ते २०२३ या काळात जगभरच्या चिप-टंचाईमुळे औद्योगिक ग्राहकांना प्राधान्य मिळाले आणि हौशी ग्राहकाला मूळ किमतीत फलक मिळणे दुरापास्त झाले. त्या अवधीत अनेकजण ऑरेंज पायसारख्या फलकांकडे किंवा जुन्या छोट्या संगणकांकडे वळले. जानेवारी २०२१ मध्ये आलेला ४ डॉलरांचा ‘पिको’ हा संगणक नसून आरपी २०४० या प्रतिष्ठानच्या स्वतःच्या चिपेवरील मायक्रोकंट्रोलर फलक आहे. नावसाधर्म्यामुळे त्याची गणना पुष्कळदा या नोंदीच्या विषयात होते, ती काटेकोरपणे पाहता बरोबर नाही.