अध्ययनविज्ञान व शैक्षणिक तंत्रविज्ञानातील पीएच.डी. संशोधन (कोल्हापूर)

माणूस कसा शिकतो आणि त्यात साधनांचा वाटा कोणता, याचा शोध घेणारे विद्यावाचस्पती पदवीचे संशोधन. कोल्हापुरात ते प्रामुख्याने शिवाजी विद्यापीठाच्या (स्था. १९६२) शिक्षणशास्त्र विषयाखाली होते. मुंबईच्या आयआयटीत शैक्षणिक तंत्रविज्ञानाची पीएच.डी. स्वतंत्रपणे करता येते.

या दोन्ही विद्याशाखांच्या उगमाविषयी एकमत नाही. शैक्षणिक तंत्रविज्ञानाचा प्रारंभ सामान्यतः अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या १९५४ मधील अध्यापनयंत्रविषयक लेखनापासून मानतात. तथापि अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकातच उत्तरे तपासणारे यंत्र बनवले होते, त्यामुळे आद्यत्व त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. अध्ययनविज्ञानाचा जन्म १९९१ चा धरण्याचा प्रघात आहे, कारण त्या वर्षी या नावाचे नियतकालिक निघाले. मात्र अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात या नावाची संस्था त्याआधीच स्थापन झाली होती. अध्ययनविज्ञानाची खरी फारकत पद्धतीची आहे. १९९२ मध्ये अ‍ॅन ब्राउन व अ‍ॅलन कॉलिन्स या संशोधकांनी रचना-प्रयोगाची कल्पना मांडली: पाठ वर्गात घ्यायचा, फसला तिथे बदलायचा, पुन्हा घ्यायचा आणि हे बदलच पुरावा मानायचे.

शिक्षणशास्त्रातील परिचित आराखडा याहून वेगळा असतो. एखाद्या घटकासाठी संगणक साहाय्यित अनुदेशन (संगणकाच्या मदतीने शिकवण्याचा) कार्यक्रम तयार करायचा, पूर्वचाचणी-उत्तरचाचणी घ्यायची आणि टी-मूल्य (गुणांतला फरक निव्वळ योगायोगाचा आहे का, हे तपासणारा आकडा) काढायचे. आठवी ‘अ’ प्रायोगिक गट (कार्यक्रमातून शिकणारा), ‘ब’ नियंत्रित गट (नेहमीप्रमाणे शिकणारा). पण मधल्या सुट्टीत ‘अ’मधली पोरे ‘ब’ला सगळे सांगून मोकळी होतात, याची नोंद प्रबंधात क्वचितच येते. साधन परिणामकारक ठरते, मुलाला काय समजले ते कळत नाही.

मुलाला काय समजले, या दुसऱ्या प्रश्नाची कोल्हापूरला परंपरा आहे. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांच्या सृजन आनंद विद्यालयात (१९८५) मुलांच्या अनुभवातून शिकण्याला मध्यवर्ती स्थान होते. अध्ययनविज्ञानाचे नाव त्या कामाला कोणी दिले नाही, पण नाते जवळचे आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार मुदत किमान ३ व कमाल ६ वर्षे, कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे. रचना-प्रयोगाला वर्गातल्या दोन-तीन फेऱ्या लागतात. जून ते एप्रिल या शालेय वर्षात एक घटक एकदाच शिकवला जात असल्याने तेवढ्यातच या मुदतीतली दोन-तीन वर्षे संपतात.