रुंगहोल्ट बुडालं, पण त्याआधी खचलं

जर्मनीच्या पार उत्तरेला, डेन्मार्कच्या सीमेजवळ, झ्यूडफाल नावाचं एक चिमुकलं बेट आहे. त्याच्या आसपासच्या चिखलाखाली एका मोठ्या चर्चचा पाया सापडल्याचं कील आणि माइन्झ इथल्या संशोधकांनी २०२३ साली जाहीर केलं. लांबी साधारण ४० मीटर, रुंदी १५. शिवाय माणसांनी माती टाकून उभारलेल्या टेकाडांची दोन किलोमीटर लांब रांग. १३६२ सालच्या जानेवारीतल्या वादळी पुरात नाहीसं झालेलं रुंगहोल्ट ते हेच, असं मानलं जातं. लगेच मथळे आले: ‘उत्तर समुद्रातलं अटलांटिस’! अटलांटिस ही प्लेटोने सांगितलेली बुडालेल्या बेटाची कथा. रुंगहोल्टचं नाव मात्र १३४५च्या एका मृत्युपत्रात आहे, आणि आंद्रेआस बुश नावाच्या शेतकऱ्याने १९२०च्या दशकातच ओहोटीच्या वेळी चिखलात हिंडून तिथल्या विहिरी नि बांधाच्या दरवाज्यांचे लाकडी अवशेष नोंदवून ठेवले होते.

याहून जुनी अफवा देवाच्या कोपाची. श्रीमंतीने माजलेल्या गावकऱ्यांनी म्हणे एका डुकरिणीला दारू पाजून अंथरुणात निजवलं आणि ‘आजाऱ्याला अंतिम संस्कार द्या’ म्हणून पाद्रीबुवांना बोलावलं. पाद्रीबुवांनी गाऱ्हाणं घातलं, समुद्राने गाव गिळलं. पण त्याच पुरात त्या किनाऱ्यावरची इतर कित्येक गावं आणि चर्चही गेली. देवाचा नेम इतका वाईट असेल असं वाटत नाही.

खरं कारण जमिनीत होतं, आणि मला ते डुकरिणीपेक्षा कितीतरी रंजक वाटतं.

हा सगळा प्रदेश म्हणजे उत्तर फ्रिसलंड. भरती-ओहोटीत सुमारे तीन मीटरचा फरक, त्यामुळे समुद्र दिवसातून दोनदा मैलोन्‌मैल मागे हटतो आणि तळ उघडा पडतो. किनाऱ्यालगत हजारो वर्षांपूर्वी दलदली होत्या. लव्हाळी, शेवाळ मरून पाण्यात पडत. पाण्यात प्राणवायू नाही, म्हणून पुरती कुजत नसत. असा साठलेला तपकिरी थर म्हणजे पीट. त्यात बहुतांश वजन पाण्याचंच. पुढे समुद्राने त्यावर चिकणमाती पसरली आणि त्या सुपीक मातीवर फ्रिसियन लोक येऊन राहिले. त्यांनी बांध घातले, चर खणले, शेतातलं पाणी बाहेर काढलं.

इथे गंमत सुरू होते. जमिनीवरचा भार दोघं मिळून पेलतात: कणांचा सांगाडा आणि कणांमधल्या पोकळ्यांतलं पाणी. एकूण दाबातून पाण्याचा दाब वजा केला की सांगाड्यावर पडणारा दाब उरतो. चर खणून भूजल एक मीटर खाली नेलं, तर त्या पातळीखालच्या सांगाड्यावरचा दाब दर चौरस मीटरला जवळजवळ एक टनाने वाढू शकतो. वाळू हे सहज सोसते. पीटचा सांगाडा म्हणजे मऊ धागे. तो दबतो आणि पुन्हा फुगून मूळ उंचीला येत नाही. हा हिशेब कार्ल टेरझागी या अभियंत्याने नीट मांडला तो १९२०च्या दशकात, म्हणजे रुंगहोल्टनंतर साडेपाचशे वर्षांनी.

दुसरं, पाणी गेलं की हवा शिरते. मग जिवाणू जागे होतात आणि हजारो वर्षं थांबलेलं कुजणं पुन्हा सुरू होतं. जमिनीतला कार्बन वायू होऊन उडून जातो.

तिसरं, मीठ. समुद्राचं पाणी मुरलेलं पीट लोक खणून काढत, वाळवून जाळत, राखेत खारं पाणी घालून गाळत आणि कढईत आटवत. मासे-मांस टिकवायला मीठ हवंच, त्यामुळे धंदा तेजीत होता. पण खणलेली जमीन तेवढीच आणखी खाली.

आणि चौथं, सगळ्यात कपटी. बांध नसताना प्रत्येक मोठा पूर थोडा गाळ टाकून जातो आणि जमीन समुद्राबरोबर वर चढत राहते. बांधाने पूर अडवला, गाळही अडवला. बाहेरची जमीन चढत होती, आतली उतरत होती. बांध फुटला तेव्हा पाणी खोलगट बशीत शिरलं.

तरी पूर ओसरल्यावर जमीन परत का मिळाली नाही? समजा ५० चौरस किलोमीटर जमीन भरतीला दोन मीटर पाण्याखाली जाते. म्हणजे दहा कोटी घनमीटर पाणी सहा तासांत आत, पुढच्या सहा तासांत बाहेर, रोज दोनदा. हा प्रवाह भगदाड रुंदावतो, तळ खरवडतो, आणि मग आणखी पाणी आत येतं. १६३४च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा महापूर आला आणि श्ट्रांट नावाचं मोठं बेटच फुटलं. नॉर्डश्ट्रांट आणि पेलवोर्म हे त्याचे उरलेले तुकडे.

राजकीय सीमाही इथे हलतीच. रुंगहोल्टचे फ्रिसियन डॅनिश राजाला कर देत. १८६४च्या युद्धात डेन्मार्कने श्लेसविग, म्हणजे हा किनारा ज्यात येतो तो प्रांत, गमावला; १९२०च्या सार्वमतात तो दोन देशांत विभागला गेला. सीमेच्या जर्मन बाजूला आजही जर्मन, लो जर्मन, डॅनिश, तिची दक्षिण ज्यूटलंडची बोली आणि फ्रिसियन अशा पाच भाषा ऐकू येतात.

बांधाबाहेरची जमीन वर चढते याचा पुरावा तिथेच आहे. ‘हालिग’ म्हणवणारी दहा लहान बेटं. यांना मोठे बांध नाहीत. घरं टेकाडांवर, आणि वर्षातून अनेकदा आजूबाजूची कुरणं पाण्याखाली जातात. फक्त टेकाडं वर दिसतात. १९६२च्या पुरानंतर घरांच्या वरच्या मजल्यावर काँक्रीटच्या खांबांवर तोललेल्या आश्रयाच्या खोल्या बांधल्या गेल्या. भिंती वाहून गेल्या तरी खोली टिकावी म्हणून. प्रत्येक पूर काही गाळ ठेवून जातो. पण हूगे या हालिगला दगडी कठडा आहे, लहान पूर त्यावरून येत नाहीत, आणि तिथे नॉर्डश्ट्रांडिशमोर या दुसऱ्या हालिगपेक्षा गाळ कमी साठतो. समुद्राची पातळी मात्र दोन्हीकडे सारखीच वाढते आहे. कठडा उंच केला तर उन्हाळ्यातलं गवत वाचतं, पण जमीन मागे पडते.