स्टिल्टन

इंग्लंडच्या केंब्रिजशर परगण्यातील एक खेडे. पीटरबरोच्या नैर्ऋत्येस सुमारे १० किमी.वर, लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या जुन्या ग्रेट नॉर्थ रोडवर ते वसले आहे. हा रस्ता येथे अर्मिन स्ट्रीट या रोमन मार्गावरून जातो. परंपरेने गाव हंटिंग्डनशरचे. केंब्रिजशरमध्ये ते १९७४ साली आले. डूम्सडे बुक या इंग्लंडमधील जमीनजुमल्याच्या नोंदवहीत (१०८६) त्याची नोंद आहे. नावातील पूर्वपद जुन्या इंग्रजीतील ‘स्टिगेल’ असून त्याचा अर्थ कुंपण ओलांडण्याची पायरी किंवा चढण असा लावतात. उत्तरपद ‘टून’ म्हणजे वस्ती.

अठराव्या शतकात गाव घोडागाड्यांच्या वर्दळीवर पोसले. घोडे बदलायचे, जेवायचे, मुक्काम करायचा, यासाठी रुंद हमरस्त्यालगत ‘बेल’ व ‘एंजल’ या सराया होत्या. ‘बेल’चा मालक कूपर थॉर्नहिल याने १७४५ मध्ये पैज लावून स्टिल्टन ते लंडन, परत स्टिल्टन आणि पुन्हा लंडन अशी २१३ मैलांची (सु. ३४३ किमी.) घोडदौड, वाटेत घोडे बदलत, १२ तास १७ मिनिटांत पुरी केली. मुदत १५ तासांची होती.

गावाचे नाव सर्वतोमुखी झाले ते चीजमुळे. मात्र हे चीज मूळचे कोठले, याविषयी एकमत नाही. लेस्टरशरमधील वायमंडमच्या फ्रान्सिस पॉलेट यांना त्याचे जनकत्व देण्याची प्रथा आहे. ते कालदृष्ट्या पटत नाही. त्यांचा जन्म १७२० च्या सुमाराचा, तर लेखक डॅनिएल डीफोने १७२४ मध्येच या गावाच्या चीजला ‘इंग्रजांचे पार्मेझान’ (पार्मेझान हे इटालियन चीज) म्हटले आहे. चीजभोवती किड्यांचा इतका दाट थर असे की ते खाण्यासाठी चमचाही सोबत देत, असे तो लिहितो. पॉलेट यांनी चीजचा दर्जा सुधारला व थॉर्नहिलने ते विकले, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक. दुसरे मत असे, की चीज आधी स्टिल्टनमध्येच होत असे. त्याला आधार म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ रिचर्ड ब्रॅडली यांनी १७२० च्या दशकात छापलेली कृती दाखवतात. पण ती दाबून केलेल्या, साय घातलेल्या चीजची आहे; आजचे निळ्या शिरांचे स्टिल्टन दाबत नाहीत. तेव्हा नाव एक असले तरी पदार्थ एकच होता, असे धरता येत नाही. विक्रीच्या जागेवरून नाव पडले, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे.

१९९६ मध्ये मिळालेल्या युरोपीय भौगोलिक संरक्षणानुसार हे नाव डर्बीशर, लेस्टरशर व नॉटिंगहॅमशरमधील उत्पादनापुरतेच राखीव झाले. परिणामी खुद्द स्टिल्टनमध्ये केलेले चीज त्या नावाने विकता येत नाही. नियम बदलण्याचा गावकऱ्यांचा अर्ज २०१३ मध्ये फेटाळण्यात आला.

गावाच्या उत्तरेस नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये फ्रेंच युद्धकैद्यांची छावणी सुरू झाली होती. पुढे रेल्वे आल्यावर घोडागाड्या बंद पडल्या. १९५० च्या दशकाअखेरीस ए१ महामार्ग गावाला वळसा घालून गेला आणि मोटारीही बाहेरून जाऊ लागल्या. त्यानंतर मे महिन्यातील सुटीच्या दिवशी हमरस्त्यावर चीज लोळवण्याच्या शर्यती होऊ लागल्या. प्रत्यक्षात लोळवत ते चीज नव्हे, लाकडाचे ओंडके.