लोणारचं पाणी मृत नाही

"लोणार सरोवराचं पाणी विषारी आहे, त्यात एकही जीव जगत नाही," हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. त्या खाऱ्या पाण्यात मासे सहसा आढळत नाहीत, म्हणून असं वाटणं साहजिक आहे. पाणी पिण्याजोगं नाही, हेही खरं.

पण ते अल्कधर्मी आहे. सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्क आहे याचं माप) 10च्या आसपास. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात हळदीचा कागद लाल होतो, तोच गुण इथे. माशांना हे सोसत नाही, नील-हरित शैवालाला मात्र मानवतं. पाण्याचा हिरवा रंग त्याचाच! त्यावर सूक्ष्मजीव आणि कीटक पोसले जातात, कीटकांवर पक्षी.

हिवाळ्यात दुर्बीण घेऊन जा. लाल लांब पायांचा शेकाट्या काठच्या उथळ पाण्यात चोचीने सतत काहीतरी टिपताना दिसेल. 2020 पासून हे सरोवर रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आहे.