वयाचा मंदपणा की पार्किन्सन्स?

पार्किन्सन्स म्हटलं की डोळ्यांसमोर थरथरणारा हात येतो. निदान मात्र थरथरीवर नव्हे, हालचालींतल्या मंदपणावर ठरतं. हात अजिबात न थरथरणारे रुग्णही पुष्कळ असतात आणि त्यांचंच निदान रखडतं, कारण घरचे म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’

वयाने माणूस मंदावतो हे खरंच. पण म्हातारपण सहसा दोन्ही बाजूंना सारखंच येतं, पार्किन्सन्स बहुतेकदा एका बाजूने शिरतो. चालताना एकच हात झुलायचा थांबतो. शर्टाची बटणं लावताना एकच हात मागे पडतो. डॉक्टर अंगठ्यावर तर्जनी भराभर टेकवायला सांगतात. निरोगी वृद्धाची बोटं हळू चालतात, पण दर वेळी साधारण तेवढीच उघडतात. पार्किन्सन्समध्ये सुरुवात बरी होते, मग बोटांमधलं अंतर आकसत जातं, मध्येच हालचाल अडते. अक्षरही असंच लिहिता लिहिता बारीक होत जातं.

मूळ बिघाड मेंदूच्या खोल भागातल्या ‘सबस्टॅन्शिया नायग्रा’ या काळपट पट्ट्यात असतो. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि हालचालींचा वेग नि आवाका सांभाळायला ते लागतं. वयानुसार या पेशी सगळ्यांच्याच थोड्या घटतात. पार्किन्सन्समध्ये मात्र पेशींत अल्फा-सिन्युक्लीन या प्रथिनाच्या गाठी साठतात आणि पेशी झपाट्याने मरतात. उरलेल्या पेशी बराच काळ वेळ मारून नेतात, त्यामुळे हालचाल बिघडेपर्यंत मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणं हे त्याआधी कित्येक वर्षं चालू असू शकतं. अर्थात, बद्धकोष्ठता झाली म्हणून कुणी घाबरून जाऊ नये!

लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये अवघ्या सहा जणांवरून या आजाराचं वर्णन केलं. त्यांतले काही तर त्यांनी रस्त्यावरच पाहिलेले. निरीक्षण अचाट होतं, पण बुद्धी शाबूत राहते हे त्यांचं म्हणणं पुढे टिकलं नाही. नैराश्य, उभं राहताच रक्तदाब घसरणं, पुढच्या टप्प्यात विस्मरण हेही याच आजाराचे भाग आहेत आणि घरच्यांना अनेकदा त्यांचाच त्रास जास्त होतो.

डोपामिन थेट देऊन भागत नाही, ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. म्हणून १९६० च्या दशकापासून लेव्होडोपा देतात. ते मेंदूत शिरतं आणि तिथे त्याचं डोपामिन होतं. आजार त्याने थांबत नाही, हालचाल मात्र मोकळी होते. प्रथिनयुक्त जेवणाबरोबर गोळी घेतली तर काहींना गुण कमी येतो, कारण शोषणासाठी दोघांचा मार्ग एकच असतो. गोळीची वेळ चुकली की शरीर पुन्हा आखडतं. मळमळीवर सर्रास दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइड तर डोपामिनचंच काम अडवतं. म्हणून दुसऱ्या कुठल्याही दुखण्यासाठी दवाखान्यात गेलात, तरी पार्किन्सन्स आहे हे आधी सांगा.