कृपासदन

पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी मुक्ती मिशन या आपल्या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या आवारात उभारलेले आश्रयगृह. फसवल्या गेलेल्या, घराबाहेर काढलेल्या किंवा देहविक्रयात लोटल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ते होते. पूर्वायुष्याचा निवाडा न करता माणसाला जवळ करावे, या ख्रिस्ती शिकवणुकीचे इतके ठोस रूप एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात क्वचितच दिसते.

त्याचे मूळ इंग्लंडमध्ये आहे. १८८३ साली रमाबाई वँटेज येथील ख्रिस्ती धर्मभगिनींच्या मठात राहत होत्या. हवापालटासाठी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील शाखेत पाठवण्यात आले. तिथे त्यांना अशा स्त्रिया भेटल्या, ज्या पूर्वी ‘पतित’ म्हणून आश्रयाला आल्या होत्या आणि आता आजारी-दुबळ्यांची सेवा करीत होत्या. धर्मशास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाईंना अशा स्त्रियांसाठी सांगितलेल्या कठोर शिक्षा ठाऊक होत्या. अशा स्त्रियांना माणसांत परत घेता येते, हे मात्र त्या प्रथमच पाहत होत्या. ख्रिस्ती लोक हे का करतात, असे त्यांनी एका भगिनीला विचारले. उत्तरादाखल तिने योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी (ज्यू ज्यांना तुच्छ मानत, त्या समाजातील) स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. त्या स्त्रीला पाच नवरे झाले होते आणि सोबत राहणारा पुरुष तिचा नवरा नव्हता. येशूला हे माहीत होते. तरी त्याने तिच्याकडेच पाणी मागितले आणि खऱ्या उपासनेविषयीचे आपले म्हणणे तिला सांगितले. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

रमाबाईंनी विधवा व मुलींच्या शिक्षणासाठी १८८९ साली मुंबईत सुरू केलेले शारदा सदन पुढे पुण्यास हलले. १८९६–९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुली आणि विधवा पोटासाठी कुणाच्या हाती सापडतात, हे त्यांनी तिथे पाहिले आणि शेकडो जणींना आणले. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या शेतजमिनीवर आधी झोपड्या, मग इमारती उभ्या राहिल्या. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांवर वस्ती होती. कृपासदन हा या वसाहतीचाच भाग, पण मुलींच्या निवासापासून वेगळा. अंधांसाठी बार्तीमय सदन होते. रमाबाईंची कन्या मनोरमाबाई यांनी तिथे ब्रेल शिकवण्यास आरंभ केला. वृद्ध व अपंगांसाठी प्रीतिसदन होते. मुक्तीत केवळ अन्नवस्त्र देऊन थांबत नसत. अक्षरओळख, विणकाम, शेती, गोठा, छापखाना यांतून हाताला काम मिळे. ज्या बाईला गावाने विहिरीवरही येऊ दिले नसते, तिचे श्रम इथे सर्वांच्या उपयोगी पडत. हीच या कामाची सर्वांत मोलाची बाजू म्हटली पाहिजे.

या स्वीकाराला धर्माचा प्रश्न मात्र चिकटलेला होता. शारदा सदनात हिंदू मुलींना आपले आचार पाळण्याची मोकळीक होती. तरीही रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात, यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे व डॉ. रा. गो. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून घेतल्या. मुक्ती मिशन तर उघडपणे ख्रिस्ती संस्था होती आणि तिथे आलेल्या कित्येकींनी बाप्तिस्मा घेतला. निराधार स्त्री आश्रयदात्याचा धर्म कितपत मोकळ्या मनाने निवडू शकते, ही टीकाकारांची शंका रास्तच होती. पण टीका करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या बायकांसाठी आपली दारे उघडली.