प्रशिक्षकाच्या निर्णयावर प्रेक्षकाने बोलावं का? गोव्यातल्या वादाची पार्श्वभूमी

शिवोलीत १८८३ साली एका ब्रिटिश पाद्र्याने फुटबॉल रुजवला, इथपासून सुरुवात करण्याची गरज नाही. महत्त्वाचं इतकंच की गोव्यात खेळणारा आणि बघणारा ही दोन माणसं फार काळ वेगळी नव्हती. भातकापणीनंतरच्या मोकळ्या शेतात जो खेळायचा, तोच पुढे गावच्या स्पर्धेत कडेला उभा राहून संघनिवडीवर बोलायचा. खाणमालकांच्या क्लबांच्या काळातही ही जवळीक टिकली. २००५ ते २०१२ या काळात एका क्लबने पाच वेळा राष्ट्रीय साखळी जिंकली. पाचही वेळा प्रशिक्षक गोमंतकीयच होता.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग या नव्या व्यावसायिक साखळीची फ्रँचायझी, एफसी गोवा, आली, २०१६ मध्ये तीन जुन्या गोमंतकीय क्लबांनी राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतलं, आणि प्रेक्षक व प्रशिक्षक यांच्यात अंतर पडलं. परदेशी प्रशिक्षक, बंद दाराआडचा सराव, सामन्यानंतर पाच-सात मिनिटांची पत्रकार परिषद. ‘तुम्हाला आतलं काय माहीत?’ हा सवाल या काळात जास्त ऐकू येऊ लागला.

तो सगळ्यात टोकदार झाला ३१ जानेवारी २०२० रोजी. अठरापैकी तीन साखळी सामने शिल्लक असताना एफसी गोवाने स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना काढलं. आदल्या वर्षी त्यांनी संघाला अंतिम फेरीत नेलं होतं, सुपर कपही जिंकून दिला होता. चाहते भडकले. मग हंगामी गोमंतकीय प्रशिक्षकाच्या हाताखाली तिन्ही सामने जिंकले, शेवटचा जमशेदपूरला ५-०. संघ साखळीत अव्वल ठरला आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब झाला. ‘बघा, व्यवस्थापनाला कळत होतं,’ असं तेव्हा म्हटलं गेलं. दहा दिवसांनी उपांत्य फेरीचा पहिला सामना चेन्नईत १-४ असा गमावला, घरच्या मैदानावर फातोर्ड्याला ४-२ जिंकूनही एकूण ५-६ ने बाहेर पडलो, आणि तीच माणसं उलट बोलू लागली.

दोन्ही वेळचा हिशेब चुकीचा होता. पाच सामन्यांच्या निकालावरून निर्णय बरोबर की चूक हे ठरत नाही. निर्णय घेताना हाताशी काय माहिती होती, त्यावर ठरतं. ती माहिती क्लबने कधी नीट मांडली नाही. म्हणून चाहत्यांचा मूळ प्रश्न, ‘आत्ताच का?’, हा रास्त होता आणि आजही आहे. त्याला तज्ज्ञतेचा बडगा दाखवणं हे उत्तर नव्हे.

याच प्रशिक्षकाच्या शैलीवर झालेली टीका मात्र निरखून पाहावी लागते. गोलरक्षकाकडे चेंडू परत गेला की स्टँडमधून आरडाओरडा व्हायचा. पण तो पास प्रतिस्पर्ध्याच्या आघाडीपटूला पुढे ओढण्यासाठी असतो. तो आला की त्याच्या पाठीमागे मधल्या फळीत जागा मोकळी होते. २०१९-२० मध्ये अठरा साखळी सामन्यांत ४६ गोल झाले ते बऱ्याच अंशी अशाच बांधणीतून. २३ खाल्ले, त्यातही या शैलीचा वाटा होता: दोन्ही साइडबॅक (कडेचे बचावपटू) वर गेलेले असताना मध्यभागी चेंडू हरवला की मागे दोनच बचावपटू उरतात. गोल झाल्यावर शेवटच्या बचावपटूला दोष देणं सोपं असतं. चेंडू हरवला त्या क्षणी चेंडूच्या मागे आपले किती जण होते, ते मोजलं की चूक कुठे झाली ते दिसतं.

हे मोजायला वरच्या स्टँडइतकी चांगली जागा नाही. रेषेवर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला जवळची बगल (मैदानाची कडेची बाजू) स्पष्ट दिसते, पलीकडची खेळाडूंच्या गर्दीआड जाते. म्हणूनच संघ एक सहायक वर बसवतात, आणि २०१८ मध्ये नियमांनीही वरून खाली डावपेच कळवायला उपकरणं वापरण्याची मुभा दिली. वरून दिसणाऱ्या चित्राला किंमत आहे हे खेळाने स्वतःच मान्य केलं आहे.

वरून दिसत नाही ते वेगळं: कोणाचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) ताणलाय, आठवड्यात कोण किती धावला, सेट-पीसला (कॉर्नर, फ्री-किक) कोणाला कोणाची जबाबदारी दिली होती. एकाच सामन्यात एखाद्याला का वगळलं, यावर प्रेक्षकाने ठाम बोलू नये. सलग सहा सामन्यांत तीच बगल उघडी पडत असेल, तर जरूर बोलावं.

बदली खेळाडूंबाबत तर आधी नियम तपासायला हवेत. इंडियन सुपर लीगमध्ये मैदानावर परदेशी खेळाडू २०१४ मध्ये सहा चालत, २०१७ पासून पाच, २०२१ पासून चार. मर्यादा भरलेली असताना बाकावरचा परदेशी आघाडीपटू आत आणायचा, तर दुसरा परदेशी बाहेर काढावा लागतो. तो बचावपटू असला तर मागची घडीच मोडते. पाच बदल आले तेही मध्यंतर वगळता तीनच थांब्यांत करायचे असतात. सत्तराव्या मिनिटापर्यंत दोन थांबे संपले असतील, तर तिसरा दुखापतीसाठी राखून ठेवणं समजण्यासारखं आहे. एकही थांबा वापरलेला नाही, मधली फळी दमून चालत परततेय, तरी बाक शांत, अशा वेळी स्टँडमधून उठणाऱ्या ओरडीला प्रशिक्षकाने सामन्यानंतर सविस्तर उत्तर द्यायला हवं.